एका अस्वलापुरतं शहर

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या शहराचे वडीलधारे मोल्दोगाझी अक्साकाल, आमचे थोरले भाऊ, माजी नगराध्यक्ष काच्किनबाय बाइके, राजधानीहून खिंड ओलांडून वेळेवर पोचलेले पशुवैद्यकीय खात्याचे पाहुणे, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या डॉक्टर झूराकान एजे, आणि समोर कोट न काढता बसलेल्या माझ्या केन-तोरकर बंधूभगिनींनो,

कोट काढू नका. सांस्कृतिक भवनाची शेगडी दुपारी पेटवली आहे, तिची ऊब शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला माझं भाषण संपावं लागेल. मागच्या खोलीत मटणाची कढई उकळते आहे, हे मला ठाऊक आहे, आणि तुमच्या नाकांनाही ठाऊक आहे. माझी बायको बुरमा तिसऱ्या रांगेत बसली आहे. मी फार लांबण लावली की ती घसा खाकरते. तेव्हा तिचा घसा शाबूत आहे तोवर बोलून घेतो.

मी शायिरबेक. बाजारपेठेतलं औषधांचं दुकान चाळीस वर्षं चालवलं. पशुवैद्यक बाईंच्या निरोपाला माणसांच्या औषधवाल्याने का बोलावं, असा प्रश्न कुणाच्या मनात आला असेल. तो बरोबर आहे. त्याचं उत्तर असं, की आमच्या आबाला लागणारं माशाचं तेल माझ्या दुकानातून जातं. आबाच्या बाबतीत या सभागृहात प्रत्येकाचा काही ना काही हक्क आहे, माझा तेलाचा आहे.

आबा सध्या झोपला आहे. म्हणून तर समारंभ आज. एजेंची निवृत्तीची तारीख खरं म्हणजे उन्हाळ्यातच होऊन गेली. पण 'तो झोपला की जाते, जागा असताना मला जमायचं नाही' असं म्हणून त्या थांबल्या. गेल्या आठवड्यात तो बिळात शिरला आणि परवा त्यांनी ट्रंक भरली.

राजधानीच्या पाहुण्यांना हे सगळं चमत्कारिक वाटत असेल. एका अस्वलाच्या झोपेवर सरकारी बाईंची निवृत्ती कशी अडते? तर ते सांगतो.

झूराकान एजे आमच्याकडे पहिल्यांदा आल्या तेव्हा आम्ही त्यांना 'डॉक्टरबाई' म्हणायचो, आणि पाठीमागे 'नाहीबाई'. त्यांचं कामच तसं होतं. कोणत्या शहराला प्राणिसंग्रहालय नाही, आणि त्याला ते झेपेल का, हे त्या गावोगाव फिरून तपासायच्या. कुठल्याही नगराध्यक्षाला विचारा, कारंजं झालं, पुतळा झाला, की पुढचं स्वप्न वाघ-सिंहाचं. डॉक्टरबाई जायच्या, जागा बघायच्या, पाणी बघायच्या, आणि लिहायच्या: झेपणार नाही. एका ठिकाणी म्हणे जिराफाच्या घराचा नकाशा त्यांच्यापुढे ठेवला. बाईंनी विचारलं, "जानेवारीत इथे पारा किती उतरतो?" तर तिथले साहेब म्हणाले, "त्याची काळजी नको, आमच्या बायका लोकरीचं उत्तम विणतात."

त्यांची आणखी एक ख्याती होती. त्या कुणाकडे जेवत नसत. जेवण सोडा, पावाचा तुकडासुद्धा तोंडाला लावत नसत. आपल्यात दारातून परतणाऱ्या माणसालाही म्हणतात, अरे, पाव तरी चाख आणि जा. शत्रू आला तरी तो पाव चाखून जातो. आणि ही बाई स्वतःच्या पिशवीतून उकडलेलं अंडं काढायची, स्वतःच्या थर्मासमधला चहा प्यायची, आणि म्हणायची, "माझ्या आधीचे साहेब प्रत्येक गावात मानाचं मेंढीचं डोकं खायचे आणि 'झेपेल' असं लिहायचे. ती कुंपणं मी नंतर पाहिली आहेत. त्यात काय उरलं होतं ते जेवणाच्या वेळी सांगण्यासारखं नाही."

आता आमच्याकडचं. खिंडीच्या रस्त्यावर एक खानावळ होती. तिच्या मालकाने गिऱ्हाइकांच्या करमणुकीला एक अस्वल पिंजऱ्यात ठेवलं होतं. ट्रकवाले त्याला लिंबूसरबत पाजायचे, त्याच्यासमोर भोंगे वाजवायचे. मालक एक दिवस कामधंद्याला रशियात निघून गेला आणि अस्वल तिथेच राहिलं. आमच्या लोकांनी ते पिंजऱ्यासकट ट्रॅक्टरवर घालून शहरात आणलं आणि नदीकाठच्या जुन्या गुरांच्या वाड्यात ठेवलं. जंगलातल्या त्या धन्याचं नाव आपण तोंडावर घेत नाही, म्हणून तो सगळ्यांचा आबा झाला.

आणि इथे, काच्किनबाय बाइके, तुमची क्षमा मागून सांगतो, तुमच्या डोक्यात प्राणिसंग्रहालय शिरलं. बाइके मान हलवताहेत, म्हणजे मला परवानगी आहे. बाइकेंनी वाड्याला निळा रंग दिला, वर पाटी लावली, दारात तिकिटाची खिडकी केली. पाटीवर सिंहसुद्धा होता. राजधानीला अर्ज गेला, आणि राजधानीने डॉक्टरबाईंना धाडलं.

पहिले दिवस काय ते वर्णावेत! अख्खं केन-तोर लोटलं. तिकिटापेक्षा जास्त पैसे लोक खिडकीत टाकत होते, कुणी गाजरांचं पोतं आणलं, कुणी लोणी. बाइके बाईंना म्हणाले, "बघा! आणि म्हणे झेपणार नाही!" नव्याचे नऊ दिवस सरले. लोक पुन्हा आले, पण खिडकीपुढे न थांबता सरळ आत. खिडकीतली मुलगी ओरडली, "अहो, तिकीट!" तर आमच्या मोल्दोगाझी अक्साकालांनी काठी आपटून विचारलं, "कसलं तिकीट? मी परवा दिलं ना कोरुमदुक?"

खरंच होतं त्यांचं. नवी सून घरात आली, बाळ झालं, कुणी नवा घोडा घेतला, की पहिल्यांदा तोंड बघताना आपण काहीतरी हातावर ठेवतो. पण तेच तोंड दुसऱ्यांदा बघताना कुणी पैसे देतं का? सुनेला रोज सकाळी नोट दिली तर सून तरी घरात टिकेल का? लोकांनी तिकिटाला कोरुमदुक समजून सढळ हाताने दिलं, आणि आबा आता घरचा झाला म्हणून खिडकी कायमची सोडली. सगळ्या हिशेबात नगरपालिकेने ही गोष्ट धरली नव्हती, आणि नगरपालिकेत बसलेले सगळे इथलेच, त्यांनीही स्वतः दुसऱ्यांदा तिकीट काढलं नव्हतं! कापणीपर्यंत खिडकी बंद झाली.

बाईंनी सांगून टाकलं, इथे जमायचं नाही. आबाला परदेशातल्या अस्वलांच्या एका आश्रमात जागा मिळत होती, पण वसंतात. मधला हिवाळा त्याने काढायचा कसा? त्या रोज वाड्यावर जात. मी तेल घेऊन गेलो होतो तेव्हा मला म्हणाल्या, "शायिरबेक बाइके, हे अस्वल झोपत नाही. खानावळीत ते एकाही हिवाळ्यात झोपलेलं नाही. उजेड, गाणी, भोंगे, आणि अंगावर चरबी म्हणून नाही. या थंडीत ते असं हाडकुळं जागं राहिलं तर वसंत बघणार नाही. त्याला आत्ता, रोज, पोट फुटेस्तोवर खायला पाहिजे. कोण घालणार?"

मी हा प्रश्न घरी आणला. बुरमा पीठ मळत होती. ती मान वर न करता म्हणाली, "शेरीनेत घ्या त्याला."

बघा, किती सोपं! आपल्या गल्लीत इतकी घरं. दर हिवाळ्यात आळीपाळीने एकेक घर मेंढी कापतं आणि बाकीच्यांना जेवू घालतं. त्यात आणखी एक खाणारा. त्या वर्षी आम्ही शेरीने शरदातच सुरू केली. ज्या घराची बारी, त्या घराने आबाचा वाटा आधी काढायचा. आठवडाभराचं जव, सफरचंदं, गाजरं, मासे, तेल माझं. बाईंनी प्रत्येक घराला समजावून दिलं, मिठाचं नको, साखरेचं नको, बुरमाच्या मुरांब्याची बरणी तर दारातूनच परत पाठवली. बुरमाने ते अजून मनातून काढलेलं नाही. वाड्याच्या मागच्या उतारात आम्ही बीळ खणलं, फळ्या लावल्या, पेंढा भरला. पिंजरा कापून टाकला आणि त्याच्या जागी मोठं कुंपण घातलं. आबाच्या अंगावर महिन्याभरात चरबी भरू लागली. तो चालला की हलायची. लोक संध्याकाळी ती हलणारी पाठ बघायला जायचे. आपल्या घरचं पोर बाळसं धरतं तसं वाटायचं.

आणि मग माझ्या घरी शेरीने होती त्या दिवशी मोल्दोगाझी अक्साकालांनी रश्श्याची वाटी खाली ठेवली आणि विचारलं, "पुढची बारी कुणाची?"

सगळे मोजू लागले. सगळ्या घरांच्या बाऱ्या झाल्या होत्या. एकच खाणारा राहिला होता.

मी हसलो. अक्साकाल हसले नाहीत. म्हणाले, "ज्याने सगळ्यांकडे खाल्लं, त्याने खायला घालायचं. माझ्या आजोबांच्या वेळेपासून हेच आहे."

मी म्हटलं, "अक्साकाल, ते अस्वल आहे."

"ते मला दिसतं. माझे डोळे तुझ्यापेक्षा चांगले आहेत. पण आज अस्वलाला सूट दिलीस की उद्या तुझा तो जावई सूट मागेल."

माझा जावई तिथेच बसला होता. त्याने मान खाली घातली, कारण त्याच्या मनात ते आलेलंच होतं.

अक्साकाल, तुम्ही आज अध्यक्ष आहात म्हणून मी सांभाळून बोलतो आहे. पण त्या दिवशी मला तुमचा असा राग आला होता की तुमची खोकल्याची बाटली मी आठवडाभर मुद्दाम 'संपली आहे' म्हणणार होतो. आज मला वाटतं, तुमचंच बरोबर होतं. नियम वाकला असता तर तो हिवाळा संपेपर्यंत एकेक घर हळूच सटकलं असतं. कारणं काय, झाडाला लागतात! आणि बाई सांगत होत्या, आणखी काही दिवस, अजून थोडी चरबी, मगच तो झोपेल. आता हात आखडला तर केलेलं सगळं पाण्यात.

डॉक्टरबाई दारात उभ्या होत्या. त्या आबाचा वाटा न्यायला आल्या होत्या आणि नेहमीप्रमाणे उंबऱ्याच्या बाहेर, बूट न काढता. बर्फ खांद्यावर पडत होता. त्या म्हणाल्या, "आबाची बारी मी घेते."

बुरमा उठून दारापाशी गेली. ती म्हणाली, "डॉक्टरबाई, नीट विचार करा. तुम्ही बारी घेतलीत म्हणजे शेरीनेत आलात. मग तुम्हाला आमच्याकडे जेवावं लागेल. मग तुमच्या त्या अहवालाचं काय? इतकी वर्षं कुणाचा पाव चाखला नाहीत."

बाईंकडे दुसरं होतं काय? घर नव्हतं, हॉटेलांतली खोली होती. नवरा गेलेला, मुलगा दूर तोकमोक शहरात. त्यांच्यापाशी एकच गोष्ट होती, की या बाईला कुणी विकत घेऊ शकत नाही असं सगळा देश म्हणत असे. ती त्यांना त्या दारात सोडून यावी लागणार होती.

त्या म्हणाल्या, "अहवाल दुसरं कुणीही लिहील. या आठवड्यात त्याला दुसरं कुणी जगवणार नाही." आणि त्यांनी बूट काढले.

बुरमाने पावाचा तुकडा मोडून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो खाल्ला. एजे, तुम्ही खाली बघताय, पण मी सांगणार. तुम्ही दुसरा तुकडा मागून घेतलात, आणि मग तिसरा, आणि मग बुरमाने ताटच पुढे ओढलं. एवढी वर्षं उकडलेल्या अंड्यावर काढलेलं माणूस कसं जेवतं, ते आम्ही त्या दिवशी पाहिलं. त्या दिवसापासून कुणी त्यांना डॉक्टरबाई म्हटलं नाही, एजे म्हटलं. थोरली बहीण म्हणायला पोट भरलेलं लागतं.

आबाची बारी वाड्यातच झाली. दुसरीकडे कुठे होणार? यजमानाचं घर तेच. एजेंनी स्वतःच्या पगारातून मेंढी घेतली, आम्ही बर्फ झाडून नमदे अंथरले, शेकोट्या केल्या. अख्खी गल्ली पंगतीला. मेंढीचं डोकं मोल्दोगाझी अक्साकालांपुढे ठेवलं. मी घसा साफ केला, कारण गाणं माझं असतं, हे तुम्हाला माहीत आहे आणि तुम्ही ते सहन करता. इतक्यात एजे कुंपणाकडून लगबगीने आल्या आणि ओठांवर बोट ठेवलं.

यजमान झोपले होते.

सकाळपासून तो बाहेर आला नव्हता. एजे सरपटत बिळाच्या तोंडाशी जाऊन कान लावून आल्या होत्या. "श्वास मोजून घेतोय," त्या म्हणाल्या. "झोपलाय. खरा झोपलाय." आणि त्या रडायला लागल्या. आवाज न करता, तोंडावर लोकरी हातमोजा दाबून. मीही रडलो. मला त्याची लाज वाटत नाही.

मग जे जेवण झालं तसं या डोंगरांत कधी झालं नसेल. अक्साकालांनी आशीर्वाद कुजबुजून दिला. शुभेच्छा कानात सांगितल्या गेल्या. माझा जावई, ज्याला हळू बोलणं माहीत नाही, तो खुणांनी मीठ मागत होता. शेजारच्या गल्लीतला कुत्रा भुंकला, तर दहा जणांनी वळून त्याच्याकडे असं पाहिलं की तोही बसला. गाणं मी ओठांतल्या ओठांत म्हटलं. बुरमा म्हणते, माझं आजवरचं सर्वांत चांगलं गाणं तेच.

वसंतात, आबा उठल्यावर, एजेंनी आपला अहवाल याच सभागृहात उभं राहून वाचून दाखवला. लांब नव्हता. 'या शहराला प्राणिसंग्रहालय झेपणार नाही. एक अस्वल झेपेल. मी या लोकांत जेवले आहे, तेव्हा माझ्या मताला किती किंमत द्यायची ते खात्याने ठरवावं.' खात्याने दुसरे साहेब पाठवले. ते आले, भरपूर जेवले, आणि शब्दन् शब्द तेच लिहून गेले. आबा आमच्याकडे राहिला. एजेंची मात्र ती खुर्ची गेली. राजधानीतली बढती गेली. इथे तालुक्याच्या दवाखान्यात गाई-मेंढ्यांची जागा रिकामी होती, ती त्यांनी मागून घेतली. त्यांनी त्याबद्दल एकदाही तोंड वाकडं केलं नाही. आम्हीही त्यांचं सांत्वन केलं नाही, कारण आम्हाला मनातून फार आनंद झाला होता.

तर मंडळी, झेपणं म्हणजे नेमकं काय? मोठी शहरं आहेत, त्यांच्याकडे हत्ती आहेत, पाणघोडे आहेत, त्यांनी ते सुखाने सांभाळावेत. आणि ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांनी मान खाली घालावी का? अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. आमचं अंथरूण एका अस्वलाएवढं निघालं. काच्किनबाय बाइके, तुम्हाला सिंह हवा होता. आज तुम्हीच पहाटे उठून आबाच्या कुंपणाबाहेरचा बर्फ ओढता. सिंहाची आठवण येते का? बाइके 'नाही' म्हणताहेत. लिहून घ्या.

आता शेवटचं, म्हणजे बुरमा खाकरायच्या आत.

गेल्या महिन्यात खात्याकडून विचारणा आली. झूराकान बाई निवृत्त झाल्या की केन-तोरला अस्वलाचा जाणकार उरत नाही, तेव्हा प्राणी हलवायचा का? मत त्यांनीच द्यायचं होतं. त्यांनी काय लिहिलं, हे आम्हा सगळ्यांना जाणून घ्यायचं होतं. पण विचारायचं कुणी? ही 'नाहीबाई'! हिला भीड नाही, मुर्वत नाही. शेवटी मी तेलाची बाटली हे निमित्त करून गेलो. त्या ट्रंकेत स्वेटर भरत होत्या. मी काही विचारायच्या आत त्या म्हणाल्या, "मी लिहून दिलंय. राहू द्या म्हणून."

मी म्हटलं, "पण एजे, तुमच्याशिवाय..."

त्या म्हणाल्या, "शायिरबेक, या शरदात मी मुद्दाम काही सांगितलं नाही. नुसतं बघत होते. कुणी मीठ घातलं नाही. पेंढा वेळेवर बदलला. तो झोपायला निघाला तेव्हा पोरांनी आपणहून नदीकाठचं फुटबॉल बंद केलं. तुम्हाला माझी गरज उरलेली नाही."

इतकं चांगलं प्रशस्तिपत्रक या शहराला कुणी दिलेलं नाही, आणि इतकं लागेलसं बोलणं मी आयुष्यात ऐकलेलं नाही. मी बाटली तिथेच ठेवून घरी आलो. बुरमाला सांगितलं. ती पीठ मळत होती. तिने गोळा परातीत आणखी दोनदा आपटला. मग म्हणाली, "ते तू त्यांना समारंभात सांग."

म्हणून सांगतो. एजे, हा निरोप फक्त त्या सरकारी डॉक्टरबाईंना आहे. तुम्ही आलात त्या कामासाठी, राहिलात त्या कामासाठी, आणि काम संपलं म्हणून ट्रंक भरलीत. तुमचं म्हणणं आम्हाला मान्य आहे. आम्हाला तुमची गरज नाही. आता बिनकामाच्या या, घरच्या म्हणून.

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, पाहुण्यांनी थंडीत बसून ऐकलं, तुम्ही सर्वांनी कढईच्या वासापुढे दम धरला, याबद्दल मी ऋणी आहे. वडीलधाऱ्यांची थट्टा करताना जीभ घसरली असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, जावयाचं एकदा जास्त आलं असेल, तर मोठ्या मनाने पदरात घ्यावं. आता उठू या. मागच्या खोलीत जाताना जरा मोठ्याने बोललात तरी चालेल. नदी इथून लांब आहे, आबाला ऐकू जाणार नाही.